पहाटेचं विमान आणि आदल्या रात्रीची खोली

नमस्कार मंडळी. आपल्या नागपुरातून परदेशी जाणारी थेट विमानं एका हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच, त्यामुळे लेक अमेरिकेत असो नाहीतर नातू जर्मनीत, आपल्याला बहुतेक वेळा आधी मुंबई नाहीतर दिल्ली गाठावी लागते, आणि तिकडे गडचिरोली, गोंदिया, यवतमाळच्या लोकांना तर नागपूरचं सकाळचं विमान पकडायचं म्हटलं तरी आदल्या दिवशीच घरून निघावं लागतं. म्हणजे विमानाच्या आधी एक रात्र कुठेतरी काढायची. तिकिटासाठी आपण रोज ॲप उघडून बसतो, दोनशे रुपये कमी झाले की घरभर सांगतो, आणि या रात्रीचं मात्र "बघू ना तिथं गेल्यावर". तर आज त्या रात्रीबद्दलच बोलू.

सगळ्यात आधी तिकिटावरची तारीख. हसू नका, यात भले भले फसतात. समजा विमान आहे रात्री दीडचं, तारीख पंधरा. म्हणजे तुम्ही विमानतळावर पाहिजे चौदा तारखेला रात्री साडेदहाला, कारण परदेशी विमानाला तीन तास आधी या म्हणतात आणि सुटायच्या साधारण तासभर आधी बॅगा घ्यायचा काउंटर बंद होतो. पंधरा तारखेला आरामात डबा बांधून निघालेल्या माणसाचं विमान गेलेलं असतं. मुंबईहून आपल्याकडे येणारी दुरांतो पण मध्यरात्रीनंतर सुटते, तिच्या तिकिटालाही हाच घोळ. लॉजचंही तसंच, तुम्ही रात्री एक वाजता खोलीत शिरणार असाल तर बुकिंग आदल्या तारखेचं पाहिजे, नवीन तारखेचं केलं तर काउंटरवरचा माणूस म्हणेल तुमची खोली दुपारी बारानंतर, आणि तो नियमाने बरोबर असतो.

आता गंमत बघा, या रात्री दीडच्या विमानाला रात्रीची खोली लागतच नाही. लागते ती दिवसाची! नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेस धरा की दुरांतो, तुम्ही सकाळी सीएसएमटीला उतरता, आणि विमानतळावर जायचंय रात्री. मधला सगळा दिवस दोन मोठ्या बॅगा, एक केबिन बॅग, गुडघे दुखणारे बाबा आणि सारखी पासपोर्ट चाचपून बघणारी आई. इथे लोक घाबरून पूर्ण दिवसाचं हॉटेल घेतात. त्यापेक्षा रेल्वेची रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी बघा, आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून मिळते, तिकीट कन्फर्म किंवा आरएसी पाहिजे, तासांच्या हिशोबाने घेता येते आणि स्टेशनातच असल्यामुळे टॅक्सीचा खर्च वाचतो. फक्त ऐनवेळी मिळत नाही, तिकीट कन्फर्म झालं की लगेच बघायची. आणि खोली नकोच असेल, फक्त सामान ठेवून राणीच्या बागेत नाहीतर चौपाटीवर जायचं असेल, तर स्टेशनची क्लोक रूम आहे, पण बॅगेला कुलूप नसेल तर ते सामान घेत नाहीत, तेव्हा दहा-वीस रुपयांची कुलपं घरूनच लावून न्या.

याउलट विमान सकाळी सहाचं असेल तर मात्र खरी रात्रीची खोली लागते, आणि इथेच माझं म्हणणं असं की खोलीचं भाडं सगळ्यात शेवटी बघा, आधी पहाटे तीन वाजताचा रस्ता बघा. समजा एक खोली आठशेची आहे, लांब कुठेतरी, आणि पहाटे तिथून विमानतळाला टॅक्सी सहाशे घेते. दुसरी खोली तेराशेची, पण तिथून रिक्षाने शंभर रुपयांत पोचता. हिशोब केला तर दोन्ही चौदाशेच्याच, पण दुसऱ्यात तुम्ही तासभर जास्त झोपता आणि टॅक्सी येते की नाही म्हणून पहाटे फुटपाथवर उभं राहून फोनची स्क्रीन बघत बसत नाही. आपण लॉजच्या जाहिरातीतलं भाडं वाचतो आणि पुढची बेरीज करतच नाही. हो, आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के झालाय, आधी बारा होता, तर कोणी जुन्या हिशोबाने बिल लावत असेल तर विचारा, लाजू नका.

मुंबईत तर आधी कोणतं विमानतळ तेच नीट वाचावं लागतं आता. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, तिकिटावर बीओएम लिहिलं असेल तर जुनं, एनएमआय लिहिलं असेल तर नवी मुंबई. नवी मुंबईचं विमान असताना अंधेरीत खोली घेणं म्हणजे कामठीचं लग्न आणि बुटीबोरीला मुक्काम. तिकडच्या विमानाला पनवेल, खारघर, बेलापूर, नेरूळ या पट्ट्यात बघा. आणि जुन्या विमानतळातही टर्मिनल दोन आहेत, टी-वन विलेपार्ल्याच्या बाजूला आणि टी-टू सहारला, परदेशी विमानं टी-टूवरून. दोन्हींच्या मध्ये काही किलोमीटरचा रस्ता आहे, चालत जायचं काम नाही. त्यामुळे लॉजवाल्याने "एअरपोर्टपासून पाच मिनिटं" म्हटलं की पहिला प्रश्न, भाऊ, कोणत्या टर्मिनलपासून? आणि दुसरा, पाच मिनिटं कशाने?

टी-टूसाठी स्वस्त खोल्या मरोळ, चकाला, साकीनाका, जे. बी. नगर या भागात मिळतात, गल्लीबोळ आहेत पण लॉज भरपूर. आता भुयारी मेट्रो झाल्यापासून एक मोठी सोय झाली, सीएसएमटीला उतरलं की खालीच मेट्रो तीन, तीच गाडी सरळ टी-टूला, आणि पुढचं स्टेशन मरोळ नाका, तिथे घाटकोपर-वर्सोवा मेट्रो पण मिळते. एसी गाडी, लिफ्ट आहे, बॅगा घेऊन लोकलमध्ये चढायचा प्रश्नच नाही. पण मेट्रो साधारण सकाळी सहाला सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या सुमाराला बंद, म्हणजे पहाटेच्या विमानाला तिचा उपयोग शून्य. संध्याकाळी लॉजवर पोचायला मेट्रो आणि पहाटे निघायला रिक्षा, असं धरून चाला. दादरला उतरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की तिथे रिक्षा नसते, रिक्षा वांद्रे-सायनच्या पुढे उपनगरातच, दादरहून काळी-पिवळी टॅक्सी नाहीतर ॲपवाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, डोंबिवलीला आमची मावशी आहे ना! आहे, आणि ती प्रेमाने ठेवून पण घेईल. पण संत्रा बर्फीचे दोन डबे, पोरांसाठी काहीतरी, रात्री अकरापर्यंत गप्पा, मग "अहो जेवल्याशिवाय कसे जाल", आणि पहाटे दोनला सगळं घर जागं करून तुम्ही निघणार, मावसाजी चपला घालून खाली सोडायला येणार, आणि टॅक्सीचं बिल अंधेरीच्या खोलीपेक्षा जास्त. मावशीकडे अवश्य जा, पण येताना जा, चार दिवस राहा, तेव्हा मजा येते. विमानाच्या आदल्या रात्री नातेवाईक हा फुकटचा मुक्काम नसतो, दोन्ही बाजूंना महागच पडतो.

गाडीच्या उशिराचं बोलायला पाहिजे. पावसाळ्यात कसारा घाटात, इगतपुरीकडे पाणी झालं की गाड्या तासन्‌तास खोळंबतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी उतरून त्याच रात्री विमान हा बेत करू नका, एक दिवस आधीच पोचा, एका रात्रीचं भाडं गेलं तर गेलं. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला, ७०१ किलोमीटर, पण तो तुम्हाला भिवंडीजवळ आमण्याला सोडतो, तिथून पुढे ठाणे आणि मुंबईचा ट्रॅफिक तुमचा तुम्हालाच. ट्रॅव्हल्सवाला म्हणतो सकाळी सहाला पोचवतो, तर आपण मनात नऊ धरायचे. नागपूर-मुंबई विमानानेच जाणार असाल तर जमल्यास सगळं एकाच तिकिटात काढा, म्हणजे पहिलं विमान लेट झालं आणि पुढचं चुकलं तर दुसऱ्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची, दोन वेगळी तिकिटं काढली की ती तुमची. वेगळ्या तिकिटात हजार-दीड हजार वाचतात हे खरं, पण ते पैसे मग मधल्या मुक्कामाला बाजूला ठेवा.

आता आपल्या नागपूरला येणाऱ्यांसाठी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, यवतमाळहून एसटीने आलात की गणेशपेठला उतरता, तिथे आणि सीताबर्डीत, सेंट्रल अव्हेन्यूला लॉज पुष्कळ, जेवायची पण सोय. पण विमानतळ सोनेगावला, वर्धा रोडवर, आणि पहाटे मेट्रो नसते, तीही सहाच्या सुमाराला सुरू होते. म्हणून सकाळी सहा-सातचं विमान असेल तर छत्रपती चौक, सोमलवाडा, उज्ज्वल नगर, मनीष नगर या बाजूला खोली बघा. संध्याकाळी सीताबर्डीहून खापरीकडची मेट्रो धरली की छत्रपती चौक, जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर, एअरपोर्ट अशी लागोपाठ स्टेशनं आहेत. दहा-अकराचं विमान असेल तर मात्र खुशाल बर्डीला राहा, रात्री सावजी नको पण, दुसऱ्या दिवशी विमानात बसायचंय, पोटाचा विचार करा. सकाळी मेट्रोने एअरपोर्ट स्टेशन, पण ते वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही, पुढे रिक्षा करावी लागते हे वेळेत धरा.

आणि नागपुरात तारखा बघून यायचं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की आमदारांच्या मागे कार्यकर्ते, कार्यकर्त्यांच्या मागे मोर्चे, बर्डी-सिव्हिल लाइन्सकडे खोली मिळायची मारामार आणि भाव दुप्पट. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तेव्हाही तेच. जामठ्याला क्रिकेटची मॅच असली की वर्धा रोड भरून वाहतो, त्या संध्याकाळी विमान असेल तर दोन तास आधीच निघा.

बुकिंग ॲपवरून करा पण लॉजला फोन केल्याशिवाय पैसे भरू नका. फोनवर काय विचारायचं ते सांगतो. "दादा, चेक-आउट बारा वाजताचं की चोवीस तासांचं?" कारण चोवीस तासांचं असेल तर संध्याकाळी सहाला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सहापर्यंत तुमची, तेवढ्याच पैशात. मग विचारा, "लिफ्ट आहे का?" तेवीस किलोच्या दोन बॅगा तिसऱ्या मजल्यावर नेणारा पोरगा शंभर-दोनशे मागतोच, आणि मागायलाच पाहिजे. मग "रात्री अकराला येणार आहे, चालेल ना, खोली दुसऱ्याला देणार नाही ना?" समोरचा जर "या ना साहेब, बघू" म्हणाला तर दुसरा लॉज बघा. शक्यतो रद्द करता येणारी खोली घ्या, शंभर-दीडशे जास्त लागले तरी, कारण कंपन्या विमानाची वेळ बदलतात आणि एसएमएस येतो तोपर्यंत आपण न परत मिळणारे पैसे भरून बसलेलो असतो. आणि मॅपमध्ये अंतर बघताना निघायची वेळ पहाटे साडेतीन टाका, दुपारी घरी बसून बघितलेला पाऊण तास पहाटे पंधरा मिनिटांचा असतो, आणि रात्री नऊच्या विमानाला संध्याकाळी सहाला निघालात तर उलटं होतं.

विमानतळावरच रात्र काढली तर? तरुण पोरं काढतात, काही वाईट नाही. पण मुंबईला तिकीट आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय आत सोडत नाहीत, सोडायला आलेल्यांना तर दाराबाहेरूनच टाटा, आणि खुर्च्यांना मध्ये हात असतात, आडवं होता येत नाही. लाउंज म्हणाल तर ते सिक्युरिटी झाल्यावर आत, काही तासांपुरतं. साठीच्या पुढच्या माणसाला पुढे चौदा-सोळा तास विमानात बसायचं असेल तर हे नका करू.

आणि शेवटचं. छोट्या लॉजमध्ये रात्री बारा-एकला शटर अर्धं ओढतात, कधी पूर्ण, आणि किल्ली असते त्या पोराकडे जो रिसेप्शनच्या सोफ्यावर पांघरूण डोक्यावर घेऊन झोपलेला असतो. पहाटे तीनला त्याला हलवून उठवायचं, मग तो बिल शोधणार, मग सुट्टे नाहीत म्हणणार, बाहेर रिक्षावाला हॉर्न मारतोय. तर बिल रात्रीच चुकतं करायचं, पावती घ्यायची, आणि त्या पोराला नावाने हाक मारून सांगायचं की बाबू, तीनला निघतोय, तुझ्या ओळखीचा रिक्षावाला असेल तर आत्ताच फोन लाव, भाडं आत्ताच ठरव. मालकाला नाही, त्या पोरालाच सांगायचं, मालक तर दहाला घरी गेलेला असतो.

बस, माझी वेळ संपली, स्टुडिओतले लोक काचेपलीकडून हात दाखवून राहिले. नमस्कार.