व्हेनिसची हिरवी रेघ

(हौशी छायाचित्रकारांच्या मासिक बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागचे दोन दिवे मालवा जरा, पडद्यावरचं धुरकट दिसतंय. हां, आता ठीक.

हा फोटो ओळखीचा वाटतोय ना? लाकडी पुलावरून दिसणारा ग्रँड कॅनॉल, म्हणजे व्हेनिसचा मोठा कालवा, दोन्ही अंगांना वाडे, टोकाला सालूते चर्चचे घुमट. माझ्या दातांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर हाच आहे. नोव्हेंबरातल्या पहाटे उठून अकादेमिया पुलावर कुडकुडत उभी राहून मी तो काढला. माझ्या आजूबाजूला आणखी अकरा जण ट्रायपॉड लावून उभे होते. फोटो चांगलाच आलाय. फक्त तो माझा की डॉक्टरांच्या भिंतीवरचा, हे फाइलचं नाव बघितल्याशिवाय मला सांगता येत नाही.

पहिल्यांदा गेले होते ती टूर कंपनीबरोबर, एका दिवसात व्हेनिस. त्या फोटोंबद्दल बोलायला नको. दुसऱ्यांदा दहा दिवस राहिले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी सारखी वर बघतेय. घुमट, कमानी, मनोरे. आणि या गावाची सगळी गंमत खाली आहे, पाणी भिंतीला जिथे लागतं तिथे. आज त्या पट्टीबद्दलच बोलणार आहे.

माझं माहेर दापोलीजवळचं मुरुड. भरती किती वाजता, हे बाबा कॅलेंडर न बघता सांगायचे. तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. हे गणित व्हेनिसला चालत नाही, मी करून बघितलं. पण उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) तिथेही आहेतच. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटी कळतसुद्धा नाही. व्हेनिस ज्याच्या काठी आहे त्या एड्रियाटिक समुद्राच्या वरच्या टोकाला मात्र अमावास्या-पौर्णिमेला पाणी मीटरभर वर-खाली होतं. आपल्या कोकणच्या मानाने काहीच नाही, पण तिथल्या घरांचे उंबरे पाण्याला टेकलेले आहेत. त्यात सिरोक्को, म्हणजे आग्नेयेकडचा वारा, सुटला की तो पाणी खाडीत ढकलतो. 4 नोव्हेंबर 1966 ला 194 सेंटिमीटर पाणी चढलं होतं, 12 नोव्हेंबर 2019 ला 187.

हे आकडे ऐकून घाबरू नका. 187 म्हणजे रस्त्यावर पुरुषभर पाणी असं नाही. ही उंची 1897 साली ठरवलेल्या एका शून्यापासून मोजतात. त्या हिशेबाने साधारण 80 सेंटिमीटरला सान मार्को चौकात पाणी दिसायला लागतं, कारण तो सगळ्यांत सखल भाग. आता खाडी समुद्राला मिळते त्या तीन मुखांवर 78 पोलादी दरवाजे आहेत, ऑक्टोबर 2020 मध्ये ते पहिल्यांदा प्रत्यक्ष भरतीत उचलले गेले. 110 चा अंदाज असला की ते उचलतात आणि भरतीचं पाणी बाहेरच अडवतात. म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने काय? 80 ते 110 यांच्या मधल्या भरतीला चौकात पाणी येतं आणि शहर बुडत नाही. महापालिकेचं भरतीसाठी वेगळं केंद्र आहे, त्यांचा अंदाज रोज बघा आणि हॉटेलवाल्याला गुडघाभर गमबूट मागा.

हा बघा तसाच एक दिवस. पाणी घोट्याच्या खाली, जेमतेम चार बोटं. उभं राहून काढलात तर ओला चौक दिसेल, बाकी काही नाही. मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्सची बाजू खाली येईल, आणि ती पाण्यापासून दोन बोटांवर न्या. आता चौकातल्या मनोऱ्याचे दोन झाले, एक सुलटा, एक उलटा. हा मनोरा म्हणजे खरं तर दुसरा आहे बरं का. जुना 14 जुलै 1902 ला सकाळी कोसळला आणि तसाच पुन्हा बांधून 1912 मध्ये उघडला. मोबाइल माझ्या हातून सुटायचा राहिला एवढंच. मनगटाला दोरी बांधा.

आता ही स्लाइड. भिंत. हसू नका. वर विटा, खाली पांढरा दगड आणि त्यावर ही हिरवी रेघ. भरतीचं पाणी रोज जिथवर पोहोचतं तिथवर शेवाळ धरतं. हा पांढरा दगड इस्त्रियाचा, पलीकडच्या किनाऱ्यावरून आणलेला. तो पाणी पीत नाही, म्हणून पाया त्याचा आणि वर विटा. पण समुद्र वाढतोय आणि गाव खचतंय, दोन्ही एकदम. त्यामुळे आता कितीतरी ठिकाणी ही रेघ दगड ओलांडून विटांपर्यंत गेलीये. विटा खारं पाणी शोषतात, वाळल्यावर मीठ फुलतं आणि गिलावा पोपडे धरून गळतो. तुमच्या फोटोत जो 'जुनेपणा' सुंदर दिसतो ना, त्यातला बराचसा मिठाचा आहे.

कानालेत्तोचं नाव तुम्ही ऐकलं असेल, अठराव्या शतकातला चित्रकार, व्हेनिसची चित्रं काढून इंग्रज पर्यटकांना विकायचा. त्या काळाचा फोटोग्राफरच म्हणा. त्याने प्रत्येक वाड्याच्या पायाशी ही हिरवी रेघ इतकी इमानदारीने रंगवली आहे की शास्त्रज्ञांनी ती चित्रं आणि आजच्या भिंती शेजारी शेजारी धरून पाणी किती चढलं याचा हिशेब मांडला. गिऱ्हाइकाला चर्च हवं होतं, राजवाडा हवा होता. शेवाळ कुणी मागितलं नव्हतं. त्याने ते काढलं, कारण ते तिथे होतं.

प्रकाशाकडे येऊ. पहाट आणि संध्याकाळ, हे आपण सगळे पाठ करून बसलोय. ग्रँड कॅनॉल आणि समोरच्या मोठ्या पाण्यासाठी ते बरोबर आहे. पण आतले कालवे अरुंद, दोन्ही बाजूंना तीन-चार मजले. तिथे पहाटे नुसता करडा अंधार असतो. ऊन आत शिरतं ते भर दुपारी, तेही तासभर. मी दुपारी झोप काढायचे आणि हा तास घालवायचे, पहिले चार दिवस! पाचव्या दिवशी जेवायला उशीर झाला म्हणून एका पुलावर सँडविच खात उभी होते. समोरच्या गेरूच्या भिंतीवर ऊन आलं. खाली पाणी अजून सावलीतच होतं, आणि त्या काळ्या पाण्यात गेरू उतरला. शेजारच्या खिडकीची हिरवी झडप उतरली, दोरीवरची निळी चादर उतरली. मधून एक होडी गेली आणि सगळं फाटून पट्ट्यापट्ट्यांचं झालं.

ही ती चौकट. यात होडी नाही, पूल नाही, नुसतं पाणी आहे. गुपित सांगते: पाणी सावलीत हवं आणि समोरची भिंत उन्हात. दोन्ही उन्हात असतील तर पाणी पांढरट दिसतं. उघडीप (एक्स्पोजर) मोजताना भिंतीवर मोजा, नाहीतर कॅमेरा काळं पाणी बघून सगळं उजळवतो आणि गेरू उडून जातो. आणि तो पोलरायझर फिल्टर, जो आपण मोठ्या कौतुकाने लावून हिंडतो, तो इथे काढून ठेवा. तो चकाकी मारतो, आणि इथे चकाकी हाच तर विषय आहे. अकादेमिया पुलावरची माझी अर्धी चित्रं त्यानेच मेली आहेत.

पुढे. या गावात मोटारगाडी नाही, हे आपल्याला माहीत असतं. पण म्हणजे काय, ते सकाळी सातला कळतं. दूध होडीने येतं, वॉशिंग मशीन होडीने येतं, कचरा होडीने जातो, रुग्णवाहिका भोंगा वाजवत पाण्यातून जाते. सान मिकेले बेटावर स्मशानभूमी आहे, तिथे शेवटचा प्रवासही होडीनेच. उतरवलेला माल पुढे हातगाडीवर, आणि वाटेत पुलांच्या पायऱ्या, चारशेच्या वर पूल आहेत. या हातगाडीला मोठ्या चाकांच्या पुढे दोन छोटी चाकं असतात. गाडीवान ती पायरीवर टेकवतो, मग मोठी चाकं ओढून घेतो, मग पुन्हा छोटी टेकवतो. वर चढताना एक लय, उतरताना दुसरी. मी एका पुलाशी बसून तासभर नुसतं हेच काढत होते. एक गाडीवान तिसऱ्या फेरीला हसला आणि त्याने हात केला, पहिल्या दोन फेऱ्यांत तो मला शिव्याच घालत असावा.

सान बार्नाबापाशी भाजीची होडी लागते. छत्रीखाली टोमॅटो, आर्टिचोक, संत्री रचलेली, गिऱ्हाईक काठावर उभं, भाजीवाला खाली होडीत. त्याचं डोकं गिऱ्हाइकाच्या गुडघ्याशी येतं. सगळे वरून काढतात, छान रंगीत चित्र येतं. मी शेजारच्या पायरीवर बसले आणि हातांवर फोकस ठेवला. हे बघा: वरून येणारा म्हातारा हात, खालून येणारी कागदी पिशवी, मध्ये वीतभर मोकळी जागा आणि त्या जागेत मागचं पाणी. आधी विचारलं होतं मी. 'पोसो?' एवढा एकच शब्द, म्हणजे 'काढू का?' तो म्हणाला, आधी काहीतरी घ्या. अर्धा किलो संत्री घेतली.

बाकी पायरीवर बसताना जपून. खालच्या दोन पायऱ्या शेवाळाच्या असतात, आणि पूल अडवून बसलात तर तिथले लोक बोलतात, बरोबरच आहे त्यांचं. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, तो घरीच ठेवा.

गोंडोला घ्यायची का, हे विचारणार तुम्ही, म्हणून आधीच सांगते. दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो. एकदा बसायला हरकत नाही, पण आत बसल्यावर फोटोत गोंडोला येत नाही, हे लक्षात ठेवा. ग्रँड कॅनॉल ओलांडायला त्रागेत्तो नावाची होडी असते, ती गोंडोलाचीच थोरली बहीण, परक्याला दोन युरो. बूड टेकेपर्यंत पलीकडचा काठ येतो. डोळे पाण्यापासून हातभर उंचीवर, हिरवी रेघ समोर. माझे सगळ्यांत आवडते फोटो त्या दोन-दोन मिनिटांतले आहेत.

वापोरेत्तो म्हणजे तिथली बस. आपली भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच डोळ्यांपुढे आणा, थोडी नीटनेटकी. एक नंबरची लाइन ग्रँड कॅनॉलच्या दोन्ही काठांना टेकत टेकत जाते. एकेरी तिकीट साडेनऊ युरो, म्हणून सरळ काही दिवसांचा पास काढा. कठड्याला टेकून फोटो काढू नका, इंजिनाची थरथर कठड्यातून थेट कॅमेऱ्यात येते. दोन पाय फाकून, गुडघे सैल सोडून उभे राहा.

माझी फजिती इथलीच. रात्री लांब उघडीप देऊन पाण्यावरचे दिवे काढायचे म्हणून मी वापोरेत्तोच्या थांब्यावर ट्रायपॉड लावला. तीस सेकंदांची एक, अशा चाळीस चौकटी. थांबा मस्त, रुंद, आडोशाचा. खोलीवर येऊन बघते तर एकूण एक फोटो हललेला. अहो, तो थांबा तरंगता तराफा! पाण्याबरोबर डुलतो. समुद्राकाठी जन्मलेली बाई मी, आणि हे कळायला चाळीस चौकटी लागल्या.

वापोरेत्तोचा विषय निघाला की फोटोग्राफर ज्यान्नी बेरेंगो गार्दिन यांचं नाव घ्यावंच लागतं. 1960 मध्ये त्यांनी याच बोटीत एक कृष्णधवल फोटो काढला. काचा, काचांमधली माणसं, त्यातली खरी कुठली आणि प्रतिबिंब कुठलं हे पटकन उमगत नाही. बाहेरचं व्हेनिस त्यात जवळजवळ नाहीच, आणि तरी ते दुसरं गाव असू शकत नाही. म्हातारपणी याच माणसाने गल्ल्यांच्या टोकाला उभी राहिलेली अवाढव्य पर्यटक जहाजं काढली. घरं खेळण्यांतली वाटावीत अशी ती जहाजं. 2015 मध्ये दोजेच्या (व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाच्या) राजवाड्यातलं त्यांचं प्रदर्शन महापौरांनी अडवलं, म्हणजे फोटो चांगलेच लागले असणार. मग ते सान मार्को चौकातच दुसऱ्या जागी भरलं. ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना सान मार्कोसमोरून जायला बंदी आहे. बंदीमागे बरीच कारणं होती. पण लोकांच्या डोळ्यांसमोर ती जहाजं यायची ती याच फोटोंतली.

बुरानो बेटाबद्दल दोनच वाक्यं. रंगीत घरं, दुपारी गर्दी. सकाळची पहिली बोट धरा, बाकी तुम्ही काढालच.

रिआल्तोजवळ एका औषधांच्या दुकानाच्या खिडकीत लाल आकड्यांची पाटी आहे. जुन्या शहरात किती रहिवासी उरले, तो आकडा. 1951 मध्ये पावणेदोन लाख होते, 2022 मध्ये पन्नास हजारांच्या खाली गेले. मी त्या पाटीचा फोटो काढला. काचेत मीही आलेय, कॅमेरा डोळ्याला लावलेली, पाठीवर सॅक. पुसून टाकणार होते, मग ठेवला.

आता शेवटची स्लाइड. कान्नारेजो या व्हेनिसच्याच भागातलं एक घर, पौर्णिमेनंतरची ओहोटी. दाराला कुलूप. दारातून पायऱ्या खाली उतरतात: पहिली कोरडी, दुसरी ओली, तिसरीपासून हिरव्या. सातव्या पायरीपर्यंत मोजता येतं, पुढची पाण्यात आहे की नाही ते कळत नाही. बाबांना दाखवला होता हा. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तासाभरानं काढायचा होतास. पाणी अजून उतरतंय."