भाकरी फक्त बुधवारी

(दृश्य: रविवार, संध्याकाळचे साडेसात. पुण्यातली पेठ. मेसचं शटर खाली.)

रविवारी संध्याकाळी मेस बंद. पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला हे पहिल्या आठवड्यातच कळतं. दुपारी फीस्ट झालेली असते. पुरी, पनीर, मसालेभात, एखादा गुलाबजाम. रात्री ज्याचं त्यानं बघायचं. कुणी मॅगी उकळतो, कुणी भुर्जीच्या गाडीवर उभा राहतो, कुणी दुपारच्या पुऱ्यांच्या भरवशावर झोपतो.

(दृश्य: अभ्यासिका. टेबलावर डोकं टेकवलेली मुलं.)

‘हेल्दी’ हा शब्द या मुलांच्या तोंडी फारसा येत नाही. जेवण कसं आहे, असं विचारलं की सांगतात: जड पडतं. तेल फार असतं. दुपारी वाचायला बसलं की डोळे मिटतात. भातात सोडा घालतात, म्हणून दोन घासांत पोट भरतं, हे तर जवळपास प्रत्येक मेसबद्दल शपथेवर सांगितलं जातं. मेसवाले अर्थातच कानावर हात ठेवतात. सोड्याचा डबा आमच्याही कॅमेऱ्याला कुठे दिसला नाही, तेव्हा तो वाद तिथेच सोडू.

पण एक तक्रार अशी आहे, जिच्यावर सोलापूरची मुलगी आणि बीडचा मुलगा यांचं एकमत होतं. भाकरी मिळत नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर. चपात्यांची चळत.)

ज्या घरांत रोज ज्वारी-बाजरी खाल्ली जाते, तिथली ही पोरं. इथे आल्यावर दोन्ही वेळा चपाती. बाजरी ताटात येते ती आठवड्यातून एकदा, तीही बुधवारी आणि ‘असेल तर’. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. त्या वर्षीही फळ्यावर बुधवारच होता.

कारण धान्याच्या भावापेक्षा हातांच्या कष्टात आहे. चपाती सकाळी लाटली, तेल लावून डब्यात रचली, की दुपारी दोनपर्यंत मऊ राहते. भाकरीचं तसं नाही. पीठ ऐनवेळी मळायचं, एकेक थापायची, पाणी फिरवून तव्यावर टाकायची, फुगली की गरम असतानाच वाढायची. तासाभरानं ती वातड होते आणि मुलं नावं ठेवतात. दीडशे मेंबर असतील तर भाकऱ्या थापायला तीन मावश्या जास्तीच्या लागतात.

मेथीचंही तेच दुखणं. जुड्या निवडायला दोघींची सकाळ जाते आणि कढईत ढीगभर पाला मूठभर होतो. बटाट्याला यातलं काही नको. तो पोत्यात पडून राहतो, झटपट चिरला जातो, कढईत भरपूर दिसतो. काकडीची कोशिंबीर दुपारी केली तर रात्री पाणी सुटतं. मेसचा मेनू जिभेनं नाही, मजुरीनं ठरतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांमध्ये दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही सांगितलंय. हा कागद घेऊन मेसमध्ये जा आणि फळ कुठाय विचारा. फीस्टला कस्टर्डमध्ये केळ्याच्या चकत्या सापडतील. २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) विद्यापीठांना कळवलं होतं, कॅम्पसवर जंक फूड नको. काय काढायचं ते कळलं. मेथी कुणी निवडायची, ते राहिलंच.

(दृश्य: मेसचं कार्ड. तारखांपुढे फुल्या.)

मग मुलं आपल्यापुरती वाट काढतात. जिमला जाणारा खोलीवर अंडी उकडतो, कारण मेस शुद्ध शाकाहारी. कुणी आदल्या दिवशी खाडा सांगतं, म्हणजे उद्या जेवणार नाही असं कळवतं, आणि वाचलेल्या पैशांत पोळी-भाजी केंद्रावरून दोन भाकऱ्या आणतं. सगळ्याच मेस खाडे धरत नाहीत. धरल्या तरी सलग तीन दिवसांचे, असा काहीतरी नियम निघतोच.

‘मेस नकोच, पैसे हातात द्या’ असंही कुणी म्हणेल. ते करून झालंय. २०१८ मध्ये शासनानं शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांची मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं धोरण आणलं. त्या जुलैमध्ये मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. भर पावसाळ्यात. मागणी एवढीच, की पैसे नकोत, मेस सुरू ठेवा. पैसे वेळेवर येत नाहीत, हे मुलांचं म्हणणं. मेसच्या जेवणाला शिव्या घालणारी पोरं मेससाठीच रस्त्यावर चालतात, यात आम्हाला विसंगती दिसत नाही. शिव्या घालायला आधी ताट समोर यावं लागतं.

(दृश्य: दुपारचे तीन. रिकामी बाकं. आतून थापण्याचा आवाज.)

शेवटचा मेंबर गेला की मावश्या स्वतःचं जेवण करायला घेतात. चपात्या उरलेल्या असतात. तरी एक जण परातीत ज्वारीचं पीठ घेते. ठेचा, कांदा, आणि तव्यावरून उतरलेली भाकरी.

दारात एक मुलगा उभा आहे, अभ्यासिकेतून उशिरा आलेला. भाजी संपली, मावशी सांगतात. मग त्याच्याकडे बघून अर्धी भाकरी मोडतात. तो उभ्यानंच खातो. जाताना कार्ड पुढे करतो, आणि आजच्या तारखेवर नेहमीसारखी फुली पडते.