स्प्लिट एसी बसवताना

श्रोतेहो, नमस्कार. एसी घ्यायचा ठरला की घरात चर्चा होते ती किती टनाचा, किती स्टारचा आणि कुठल्या कंपनीचा याची. तो बसवायला येणारा माणूस कसं काम करतो, हे सहसा कुणी विचारत नाही. आणि वीजबिल, आयुष्य, गारवा हे सगळं मुख्यतः तिथंच ठरतं.

आधी थोडं मागे जाऊ. अमेरिकेत घरभर पत्र्याचे डक्ट फिरवून एकाच यंत्राची हवा सगळ्या खोल्यांना देण्याची पद्धत रुजली. पण डक्ट गळके असले, तापलेल्या माळ्यावरून जात असले, तर 30 टक्क्यांहून जास्त ऊर्जा वाटेतच जाऊ शकते. जपानमधली घरं लहान. तिथं हवी तीच खोली थंड किंवा गरम करणं सोयीचं. म्हणून स्प्लिट एसी तिथं घरोघरी पोचला. 1981 मध्ये तोशिबानं घरगुती इन्व्हर्टर एसी आणला आणि गरजेप्रमाणे हळू-जलद फिरणारा कॉम्प्रेसर मिळाला. आवाज करणारा भाग बाहेर, आत फक्त कॉइल, म्हणजे नळ्यांचं वेटोळं, आणि पंखा, मध्ये गॅस नेणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या. डक्ट नाहीच.

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान चालतो. मुंबई-कोकणात हवा आधीच दमट, तिथं कूलर आणखी ओल वाढवतो. एसी ओल काढून घेतो. नाशिकच्या थंडीसाठी 'हॉट अँड कोल्ड' मॉडेल पाहा. साधा हीटर एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतो. हा एसी बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून आपल्याकडच्या थंडीत एका युनिटला साधारण तीन युनिट देतो.

आता बसवणं. तांब्याची नळी कापल्यावर आतली कड रीमरनं, म्हणजे कड खरवडायच्या हत्यारानं, साफ करावी लागते. त्या वेळी नळीचं तोंड खाली हवं, नाहीतर तांब्याचा कीस आत पडतो. मग तोंड फुलवून, म्हणजे फ्लेअर करून, त्यावरचा फ्लेअर नट आवळायचा, तोही टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्यानं. सैल राहिला तर गॅस गळतो, जास्त आवळला तर फ्लेअर चिरते.

त्यानंतरची पायरी सर्वांत जास्त वेळा टाळली जाते: व्हॅक्यूम. नळ्यांतली हवा आणि ओल पंपानं ओढून काढायची, गेजवर दाब 500 मायक्रॉनच्या खाली न्यायचा (मायक्रॉन हे इथं दाबाचं माप), पंप बंद करून काही मिनिटं थांबायचं. काटा चढत राहिला तर गळती तरी आहे किंवा ओल तरी. घाईत काही जण थोडा गॅस सोडून हवा 'ढकलून' देतात. ओल आतच राहते, कॉम्प्रेसरच्या तेलात आम्ल तयार होतं आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसर जातो. शिवाय आजचा आर-32 गॅस थोडा ज्वलनशील आहे, तो खोलीत सोडू नये. म्हणून फोनवरच विचारा: व्हॅक्यूम पंप आणणार ना?

ड्रेन पाइपला मीटरमागे किमान एक सेंटीमीटर उतार द्या आणि त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवू नका. आउटडोअर युनिट बंद शाफ्टमध्ये कोंबलं तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं आणि बिल वाढतं. समुद्राजवळ त्याच्या कॉइलवर मीठ बसतं. ती पाण्याच्या हलक्या धारेनं धुवा, प्रेशर पंपानं कॉइलची पातळ पाती वाकतात. आतला फिल्टर मोसमात पंधरा दिवसांनी धुवा.

आणि दरवर्षी 'गॅस भरून घ्या' असं कुणी सांगितलं तर थांबा. गॅस बंद नळीत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. आधी फ्लेअर नटांभोवती तेलकट डाग दिसतो का बघायला सांगा, मग तिथं साबणाचं पाणी लावायला. बुडबुडे आले तर तो जोड दुरुस्त करून, पुन्हा व्हॅक्यूम करूनच गॅस भरायचा, आणि तोही वजनकाट्यावर मोजून, युनिटवरच्या पाटीवर लिहिलाय तेवढाच.