दोघांनी वारीला जावं का?

मंडळी, रामकृष्णहरी.

संयोजकांनी मला विषय दिला होता 'वारीचं अध्यात्म'. मी म्हटलं, त्यावर बोलायला गावात कीर्तनकार आहेत, माझी ती पायरी नाही. मी ३३ वर्षं शाळेत गणित शिकवलं. जे मोजता आलं ते सांगतो, आणि जे मोजायला गेलो नि फसलो तेही सांगतो. ज्याच्याबरोबर चाललो तो माझा मित्र दुसऱ्या रांगेत खांबाच्या आडोशाला बसलाय. त्याचं नाव घ्यायचं नाही, अशी त्याची अट आहे. माझं कुठे चुकलं की तो खोकेल.

२०१७च्या जूनमध्ये आम्ही दोघं माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघालो. दोघंही नुकतेच निवृत्त झालेलो. चाळीस वर्षांची मैत्री, पण ती कशी? आठवड्यातून एकदा चहा, लग्नकार्यात एका पंगतीला. सलग चार दिवससुद्धा आम्ही एका छपराखाली काढले नव्हते. माझ्या डोक्यातलं चित्र असं होतं की दोघं मित्र शेताच्या कडेनं चाललेत, गप्पा रंगल्यात, मध्येच एखाद्या झाडाखाली टेकलेत. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. चाळीस वर्षांचं साठलेलं बोलणं तेवढ्यात सहज उरकेल, असा माझा हिशेब.

पहिल्याच दिवशी कळलं की दिंडीत गप्पा मारता येत नाहीत. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये मृदंग आणि विणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. अभंगांचा क्रम ठरलेला. सकाळी भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे, पांगळे या नावांचे अभंग, गौळणी, दुपारनंतर हरिपाठ. वारांचे अभंग आणखी वेगळे. यात बोलायला फट कुठे? मी मित्राला पेन्शनच्या फरकाबद्दल काही सांगायला तोंड उघडलं, तर मागच्या माउलींनी मुकाट्यानं माझ्या हातात टाळ दिले.

ही शिस्त आली कुठून, तर हैबतबाबा आरफळकरांकडून. साताऱ्याकडच्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. आज आपण बघतो तसा हा सोहळा त्यांनी एकोणिसाव्या शतकात लावून दिला. फौजेतला माणूस, त्यामुळे सगळं फौजेसारखं. रथापुढे २७ दिंड्या, प्रत्येकीचा नंबर ठरलेला. घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांचे, त्यातल्या माउलींच्या अश्वावर कोणी बसत नाही. पहिल्या भोंग्याला सामान आवरायचं, दुसऱ्याला रांगेत यायचं, तिसऱ्याला पालखी हलते. तिसरा भोंगा कुणासाठी थांबत नाही. माझा मित्र त्या वेळी हमखास टँकरपाशी दात घासत असायचा. (खोकला.) बघा, आला.

पायांचं सांगतो, कारण नंतर सगळे तेच विचारतात. नवे बूट घेऊन जाऊ नका. मी घेतले होते, चांगले महागातले, आणि पुण्यापर्यंतच दोन्ही टाचांना फोड. शेवटी सासवडला रबरी चपला घेतल्या. आमच्या दिंडीतले एक म्हातारबाबा फोडातून सुई-दोरा ओवायचे आणि दोरा तसाच आत ठेवायचे, म्हणजे पाणी झिरपून जातं. डॉक्टरला विचाराल तर तो रागावेल. मी दोन्ही केलं, दोराही ओवला आणि डॉक्टरची बोलणीही खाल्ली.

पुणे-सासवड हा वाटेतला सगळ्यांत लांबचा टप्पा, तीसेक किलोमीटरचा. त्यातच दिवे घाट, आणि दिवस असतो एकादशीचा. म्हणजे पोटात साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचा लाडू, एवढ्यावर घाट चढायचा. रथाला बैलांच्या जादा जोड्या लावतात. घाट खालून वरपर्यंत माणसांनी भरलेला. फोटोत तो फार सुंदर दिसतो. आत असताना मात्र पुढच्याची पाठ दिसते, बस. तिथे माझा मित्र हरवला.

मोबाइल लागेना. मी घाटाच्या कडेला उभा राहून पांढऱ्या टोप्या मोजू लागलो. हसू नका, खरंच मोजत होतो. आमच्याच दिंडीतल्या परभणीकडच्या एक आजी, सत्तरी ओलांडलेल्या, डोक्यावर तुळशीवृंदावन, माझ्याकडे बघून म्हणाल्या, ''कुनाला हुडकतायसा?'' मी सांगितलं. ''मग हुबं कशापायी ऱ्हायचं? जातंय कुठं त्ये? समद्यांची वाट येकच हाये.'' आणि निघून गेल्या. मी आणखी तासभर तिथेच. सासवडला तळावर पोचलो तेव्हा मित्र घोंगडीवर आडवा होऊन घोरत होता. मी त्याच्या काळजीनं अर्धा झालेला, आणि हा घोरतोय!

तेव्हापासून मी त्याच्यावर नजर ठेवू लागलो. जेजुरी झाली. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान झालं, पुणे जिल्हा मागे पडला. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब आहे, तिथलं उभं रिंगण झालं. दोन रांगांमधून घोडा सुसाट गेला, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावत होते आणि मी मान उंचावून मित्र कुठे आहे ते बघत होतो.

फलटणच्या वाटेवर ठिणगी पडली. दुपारच्या विसाव्याला मी त्याच्या वाटणीची भाकरी-पिठलं कागदात बांधून बसलो होतो. एक तास गेला, दोन गेले. हा संध्याकाळी तळावर उगवला. मागच्या कुठल्याशा दिंडीतला मृदंग आवडला म्हणून दुपारभर त्यांच्याबरोबर चालला होता, जेवलाही तिथेच. मी म्हणालो, ''तू माझ्याबरोबर आलायस की कुणाबरोबर?'' तो म्हणाला, ''मी वारीला आलोय.'' झालं. फलटण ते बरड अबोला, बरड ते नातेपुते अबोला. साठीतले दोन म्हातारे एकाच राहुटीत पाठीला पाठ लावून.

आता मला समाजआरती सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पालखी मुक्कामाच्या तळावर पोचली की सगळ्या दिंड्या तिच्याभोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार आपला दंड वर उचलतो आणि 'हो ऽऽ' अशी आरोळी देतो. त्यासरशी सगळं थांबतं. एवढा समाज, आणि पाखराचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, पाणी मिळालं नाही, कुणी मध्येच रांगेत घुसलं, तर ती दिंडी थांबत नाही, टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो, मगच टाळ बंद. नंतर कुणाचं काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात आणि आरती होते. मी कितीतरी शिक्षक-पालक सभा बघितल्यात. तक्रार ऐकायची इतकी सोपी रीत कुठे पाहिली नाही.

तर नातेपुत्याला रात्री पंगत बसली. सगळे जेवायला लागले आणि माझा मित्र चमचा ताटलीवर वाजवायला लागला. टण् टण् टण्. शेजारचे बघायला लागले. तो थांबेना. अख्ख्या पंगतीला एव्हाना समजलं होतं काय चाललंय ते. शेवटी मीच हात वर केला आणि म्हणालो, ''बोला, काय तक्रार आहे?''

तो म्हणाला, ''तू दर दहा पावलांनी मागं वळून बघतोस. तू वळलास की मला थांबल्यासारखं होतं. मला चालता येत नाही रे.''

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याच्या पानात भात वाढला. चमचा थांबला.

पुढची वारी भराभर झाली. सदाशिवनगरला गोल रिंगण झालं. वेळापूरच्या उतारावर धावा असतो, म्हणजे सगळे पंढरीच्या दिशेनं धावत सुटतात. तिथे मित्र माझ्या पुढे पळाला आणि मी त्याला पळू दिला. वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात, त्या गर्दीचं वर्णन माझ्याच्यानं होणार नाही. पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत आम्ही उभे राहिलोच नाही. बाहेरून कळसाला हात जोडले, चंद्रभागेत बुडी मारली आणि एसटीनं घरी आलो.

२०२० आणि २०२१ साली नेहमीची पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं गेल्या. घरात बसून आम्ही दोघं फोनवर रोजचा मुक्काम एकमेकांना सांगायचो, ''आज लोणंद'', ''आज फलटण'', एवढंच.

पण मला खरं सांगायचंय ते परतवारीबद्दल. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि पालखी त्याच वाटेनं माघारी आळंदीला निघते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. जाताना जे टप्पे दोन दिवसांत होतात ते येताना एका दिवसात. बरोबर थोडीच माणसं. कमानी नाहीत, केळी वाटणारे नाहीत, मोफत मालिश नाही. २०२३ला आम्ही ती केली. रस्ता आता चौपदरी, काँक्रीटचा, दुपारी चपलेतूनही चटका बसतो. जुने वड पुष्कळ ठिकाणी नाहीसे झालेत.

आणि बघा, आता गप्पा मारायला हवी तेवढी जागा होती. नुसता मोकळा रस्ता. आम्ही काही बोललो नाही. त्याचा गुडघा कुरकुरत होता म्हणून तो पहाटे लवकर निघायचा. मी माझ्या चालीनं मागून. नातेपुत्याच्या पुढे एकदा सरळ रस्त्यावर त्याची टोपी मला दूरवर ठिपक्यासारखी दिसत होती. मी पावलं मोजत नव्हतो. तोही वळला नाही. मग वळणावर ठिपका गेला.

अर्ध्या-पाऊण तासानं मी त्या वळणावरच्या टपरीवर पोचलो. मित्र पुढे निघून गेला होता. टपरीवाल्यानं माझ्याकडे, मग टोपीकडे बघितलं आणि फळीवरचा एक कप पुढे सरकवला. वर बशी झाकलेली. ''तुमचाच ना? पैसे दिल्यात त्यांनी.''

चहा गार झाला होता.