दहा जणांचा गट आणि तीन शेंगदाणे

[दृश्य: पहाटेचा अंधार. गावातल्या शाळेचा व्हरांडा. ओळीनं पसरलेली अंथरुणं. एक टॉर्च फिरतो.]

पहाटेचे साडेपाच. जिल्हा परिषदेच्या शाळेत 50 मुलं-मुली झोपली आहेत. शिट्टी होते. कुणी ताडकन उठून अंथरूण गुंडाळतं, कुणी चादर आणखी डोक्यावर ओढून घेतं. आणि कुणीतरी एक जण केव्हाचाच उठून चुलीवर पाणी तापत ठेवून आलेला असतो, कुणाला न सांगता.

राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि 7 दिवसांचं विशेष शिबिर हा तिचा साचा. शिबिरात सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, मग गावाचं सर्वेक्षण, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. सगळं गटांनी करायचं. गटांना रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग अशी नावं ठेवायला पाच मिनिटं पुरतात. गट पाडायलाही तेवढीच दिली जातात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. हजेरीपटावरून एक ते दहा, अकरा ते वीस असे गट पाडले, तर काय निघेल ते नशीब. 'तुमचं तुम्हीच पाडा' म्हटलं, तर वसतिगृहातल्या एका खोलीतले सगळे एका गटात जातात आणि ज्यांना कुणीच घेतलं नाही त्यांचा पाचवा गट होतो.

स्वभावचाचणी इथे कामाला येते. फक्त कुठली चाचणी आणि कशासाठी, हे आधी ठरवावं लागतं.

[दृश्य: मोबाईलचा पडदा. एका विद्यार्थिनीच्या बायोमध्ये चार इंग्रजी अक्षरं.]

ही चार अक्षरं मुलांना पाठ असतात. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 साली मांडलेल्या स्वभावप्रकारांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी ही 'मायर्स-ब्रिग्ज' पद्धत बसवली. अंतर्मुख की बहिर्मुख, अशा चार जोड्या, प्रत्येक जोडीतली एक बाजू तुमची, तिचं एक अक्षर, एकूण 16 प्रकार. कट्ट्यावरच्या गप्पांना याहून चांगला विषय नाही. गट पाडायला मात्र ती नको. आपल्याकडे 35 ला पास आणि 34 ला नापास असतं. 34 वाला आणि 36 वाला अभ्यासात सारखेच, पण निकालपत्रात वेगळे. आणि 36 वाला नि 92 वाला दोघंही 'पास'. चार अक्षरं नेमकं हेच करतात. बहुतेक माणसं मधे कुठेतरी असतात. रेघ मधोमध मारली की थोड्याशा फरकानं माणूस इकडचा तिकडे होतो. महिन्याभरानं तीच चाचणी पुन्हा दिली की एखादं अक्षर बदललेलं दिसतं, ते यामुळे.

शिवाय आपलं वर्णन वाचून 'अगदी मीच!' वाटणं हा काही पुरावा नव्हे. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1949 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 39 विद्यार्थ्यांना चाचणीचा निकाल म्हणून शब्दन्‌शब्द एकच वर्णन वाटलं. ते किती जुळतं, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य वाचणाऱ्यांना याचं नवल वाटू नये.

[दृश्य: फळ्यावर पाच आडव्या रेषा. प्रत्येक रेषेवर वेगवेगळ्या ठिकाणी ठिपके.]

दुसरी पद्धत पाच रेषांची. बहिर्मुखता, मिळून-मिसळून वागणं, नेटकेपणा, भावनिक स्थैर्य आणि नव्याची ओढ. पाठ्यपुस्तकांत यांची नावं याहून जड आहेत. शिबिरात ही चालतात. इथे कप्पे नाहीत, प्रत्येक जण प्रत्येक रेषेवर कुठेतरी आहे.

सॅम गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेली 10 विधानांची चाचणी यासाठी पुरते. प्रत्येक विधानाला 1 ते 7 गुण स्वतःच द्यायचे. एका गुणविशेषासाठी दोन विधानं, त्यातलं एक उलटं. सम क्रमांकाची पाचही विधानं उलटी आहेत, म्हणून तिथले गुण 8 मधून वजा करायचे. समजा, नेटकेपणाच्या विधान 3 ला एकानं 6 दिले आणि निष्काळजीपणाच्या विधान 8 ला 3. आठातून तीन गेले, पाच. सहा आणि पाच यांची सरासरी साडेपाच. झालं.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली भाषांतरात. सहाव्या विधानात 'रिझर्व्ह्ड' असा शब्द आहे. तो मशीननं मराठीत आणला की 'राखीव' होतो, आणि 'मी राखीव आहे' या वाक्याला महाविद्यालयात भलताच अर्थ आहे. तिथे 'अबोल, स्वतःतच राहणारा' असं लिहायला हवं. विधानं दोघांनी वेगवेगळी मराठीत आणावीत आणि मग समोरासमोर बसून जुळवावीत.

दुसरी चूक कागद गोळा करण्यात. योजनेचे गुण ज्यांच्या हातात, त्याच कार्यक्रम अधिकाऱ्यांनी कागद गोळा केले, तर सगळी मुलं सद्गुणी निघतात. नेटकेपणाला सगळ्यांचे सहा-सात. म्हणून कागद मानसशास्त्राच्या शिक्षकांकडे किंवा शिबिराला न येणाऱ्या कुणाकडे द्यावेत, आणि 'याचा गुणांशी संबंध नाही' हे भरण्याआधी सांगावं. ज्याला भरायचं नसेल त्यानं भरू नये; त्याला यादीत मधोमध धरलं की वाटप अडत नाही.

दहा विधानांचं माप ढोबळच. त्यावरून एखाद्या मुलाबद्दल मत बनवणं म्हणजे भाजीच्या तराजूवर सोनं तोलणं. 50 जणांचं वाटप करायला मात्र ते पुरतं.

[दृश्य: जमिनीवर 50 चिठ्ठ्या. दोन हात त्या पाच रांगांत लावताहेत.]

वाटप नागमोडी करायचं. नेटकेपणाच्या गुणांनी 50 जणांची उतरती यादी. पहिले पाच अ, ब, क, ड, इ या गटांत. पुढचे पाच उलटे: इ, ड, क, ब, अ. अशा दहा फेऱ्या. शेवटी प्रत्येक गटातल्या यादी-क्रमांकांची बेरीज 255 येते. नाही आली, तर कुठेतरी चिठ्ठी चुकली आहे.

मग बहिर्मुखता पाहायची. सगळ्यांत बोलके दहा जण काढायचे. एका गटात दोन असले तर उत्तम, तीन चालतील, चार झाले की एकाला हलवायचं. हलवताना यादीत त्याच्या शेजारी असलेल्याशीच अदलाबदल करायची, म्हणजे आधीचं वाटप मोडत नाही. त्यानंतर कागद बाजूला ठेवून साध्या गोष्टी बघायच्या. गटात मुलगी एकटीच पडलेली नाही ना? पोहता येणारा, गावाकडची बोली कळणारा, कुदळ हातात धरलेला असा कुणी प्रत्येक गटात आहे ना? माझं मत विचाराल, तर या यादीला स्वभावाच्या गुणांपेक्षा जास्त वजन द्यावं.

सगळे हुशार एका गटात घालण्याचा मोह होतो, विशेषतः सर्वेक्षणासाठी. मेरेडिथ बेल्बिन यांनी इंग्लंडमधल्या हेन्ली इथे व्यवस्थापनाच्या खेळांमध्ये मुद्दाम अशी पथकं बनवून पाहिली. ती बहुतेक वेळा मागे पडली. त्यांचा वेळ एकमेकांच्या मुद्द्यातली खोट काढण्यात जाई.

[दृश्य: ओढ्याचं पात्र. सिमेंटची रिकामी पोती, फावडी. मुलामुलींची साखळी पोती पुढे सरकवते.]

दुसरा दिवस. वनराई बंधारा, म्हणजे ओढ्याचं पाणी अडवणारा पोत्यांचा बांध. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरायची, पाऊण भाग, ठासून नाही. ठासलेलं पोतं गोल राहतं आणि दोन पोत्यांमधून पाणी निघून जातं. तोंड सुतळीनं शिवायचं. विटांसारखे सांधे चुकवत थर लावायचे, फटींत चिकणमाती.

दहा जण एकाच ढिगाऱ्यावर उभे केले की काय होतं ते बघा. चौघं भरताहेत, तिघं पोत्याला हात लावल्यासारखं करताहेत, तिघं सेल्फी काढताहेत. हा आळशी, ती कामसू असं म्हणून मोकळं होता येतं. पण फ्रान्सचे कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना ओझं ओढायला लावून मोजलं होतं. एकटा माणूस लावतो ती ताकद 100 धरली, तर दोघं असताना प्रत्येकी 93, तिघं असताना 85 आणि आठ जण असताना 49. थोडा भाग एकत्र जोर न लागण्याचा, थोडा अंग चोरण्याचा. माणसं तीच, घट मांडणीमुळे.

म्हणून दहांच्या पाच जोड्या. एकानं पोत्याचं तोंड धरायचं, दुसऱ्यानं फावडं चालवायचं, दर दहा पोत्यांनी अदलाबदल. प्रत्येक जोडीची पोती वेगळ्या रंगाच्या सुतळीनं शिवायची. संध्याकाळी मोजताना रंगच बोलतो, कुणाला बोलावं लागत नाही.

[दृश्य: गावातली गल्ली. दोघं जण ओट्यावर बसून एका आजींशी बोलताहेत.]

सर्वेक्षणात उलटाच धडा मिळतो. बोलका मुलगा चटकन ओळख काढतो, आजींना हसवतो आणि उरलेली उत्तरं स्वतःच लिहून टाकतो. अबोल मुलगी दारात घुटमळते, पण एकदा बसली की विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यात आटतं इथपर्यंत सगळं नीट लिहून आणते. दोघांची जोडी लावायची आणि दर पाच घरांनी कामं बदलायची. ही बदली टाळायची नाही. 'मी इन्ट्रोव्हर्ट आहे, मी विचारणार नाही' हे वाक्य तिसऱ्या दिवसापर्यंत येतंच. चाचणी कामाच्या वाटपासाठी असते, कामातून सुटायला नव्हे.

[दृश्य: रात्र. कंदिलाभोवती दहा जणांचं कोंडाळं. प्रत्येकासमोर तीन शेंगदाणे.]

रात्रीची आढावा बैठक. अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की वेगवेगळ्या कामांत गट किती चांगला ठरतो, याचा संबंध सभासदांच्या सरासरी बुद्धिमत्तेशी थोडाच असतो. बोलण्याच्या पाळ्या सगळ्यांना सारख्या मिळतात का आणि एकमेकांच्या चेहऱ्यावरचं कळतं का, याच्याशी तो जास्त असतो.

त्यासाठी शेंगदाणे. प्रत्येकाला तीन. बोललात की एक मधल्या ताटलीत. तीन संपले की ऐकायचं. पहिल्या रात्री बोलके पाच मिनिटांत रिकामे होतात आणि अबोल लोक तिन्ही शेंगदाणे शेवटच्या मिनिटाला 'मला काही म्हणायचं नाही' म्हणत टाकून देतात. म्हणून पहिली फेरी सक्तीची: प्रत्येकी एक शेंगदाणा, एक वाक्य. पुढच्या दोन मोकळ्या. आणि मुद्दा गंभीर असेल, तर बोलण्याआधी तीन मिनिटं गप्प बसून कागदावर लिहायचं. अबोल मुलांना विचार नसतात असं नाही; दुसरा बोलत असताना मधे घुसणं त्यांना जमत नाही.

याच बैठकीत, पहिल्याच रात्री, प्रत्येकानं एक कार्ड वाचायचं. तीन ओळी. मला काम कसं सांगितलेलं चालतं. मी कशानं चिडतो किंवा चिडते. माझ्याकडून काय अपेक्षा ठेवू नका. दहा जणांना 40 मिनिटं लागतात. गुण कुणी वाचायचे नाहीत, भिंतीवर लावायचे नाहीत. 'तुझा नेटकेपणा अडीच' हे वाक्य एकदा गटात आलं की ते सातव्या दिवसापर्यंत टोपणनाव होऊन बसतं.

[दृश्य: चौथ्या दिवसाची सकाळ. स्वयंपाकघर. पोह्यांची मोठी कढई. दोघांची बाचाबाची, आवाज नाही.]

भांडणं साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतात, आणि बहुतेक स्वयंपाकघरात. 60 माणसांना पाच किलो पोहे लागतात. कुणीतरी तीन भिजवले, शेवटचा गट उपाशी राहिला. लगेच स्वभाव काढले जातात. अशा वेळी आधी एकच हिशेब करावा. रात्रीचा कार्यक्रम साडेअकराला संपला, उठले साडेपाचला. अंथरुणावरच्या गप्पा वजा केल्या तर झोप पाच तास, सलग तीन रात्री. इतक्या कमी झोपेवर भावनिक स्थैर्याचे सात गुण मिळवणाराही डाव आपटतो. त्या रात्री कार्यक्रम साडेनऊला बंद करावा. झोप झाल्यावरही तेच दोघं भांडत असतील, तर मग त्यांची कार्डं काढावीत. पुष्कळदा भांडणाचं कारण दुसऱ्या ओळीत लिहिलेलं असतं.

आणि स्वयंपाकाची पाळी मुलींच्या गटांकडे आपोआप जात असेल, तर ती स्वभावानं गेलेली नाही. तक्त्यात दुरुस्ती करा.

[दृश्य: सातवा दिवस. बंधाऱ्यामागे साठलेलं पाणी. शाळेत सामानाची बांधाबांध.]

पुढच्या वर्षीच्या शिबिरासाठी तीन कागद फाइलला लागतात: गटवाटपाची पद्धत, जोड्यांच्या पोत्यांचा हिशेब आणि कुठल्या दिवशी काय बिघडलं त्याची नोंद. कार्डं ज्याची त्याला परत. गुणांचे 50 कागद शेवटच्या चहाच्या चुलीत.

[दृश्य: चुलीत कागद पेट घेतो. मागे चहाची पातेली. आवाज: 'साखर कुणी टाकली का रे?' एकाच वेळी तिघं: 'मी टाकली!']