घरघर आणि चमचाभर पाणी

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘अखेरचे दिवस: नातेवाईक आणि परिचारिका’. त्यावर येतेच, पण आधी एका बाटलीबद्दल बोलू द्या.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष. मेल मेडिकल वॉर्ड, नाइट ड्यूटी. अकरा नंबरच्या खाटेवर एक आजोबा, मूत्रपिंडं निकामी, शुद्ध हरपत चाललेली. पास एकच, तो मुलाकडे. आजी बाहेर जिन्यात. मुलगा चहाला गेला तशा त्या आत आल्या, पदराखालून गंगेच्या पाण्याची छोटी बाटली काढली, तुळशीचं पान काढलं. मी धावले. “तोंडात काही द्यायचं नाही! ठसका लागेल!” नियम बरोबरच होता, गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं. आजींनी मुकाट्यानं बाटली पदराखाली घेतली. पहाटे आजोबा गेले. मी सलाईन काढत होते, तेव्हा आजी म्हणाल्या, “बाई, तहानेले गेले का हो ते?”

मला उत्तर देता आलं नाही. आज देता येतं. शरीर आवरतं घेऊ लागलं की तहान-भूक मंदावते. त्रास होतो तो कोरड्या तोंडाचा, आणि त्याला सलाईनपेक्षा ओला बोळा जास्त आराम देतो. माणसाला कुशीवर वळवायचं, गॉज त्या गंगेच्या पाण्यात बुडवून पिळायचं आणि आजींच्या हातात द्यायचं: ओठांवरून, हिरड्यांवरून हळू फिरवा. दोन मिनिटांचं काम. ते मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. ही बाटली माझ्या मनातून गेलेली नाही.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. जाणाऱ्या माणसाच्या घरच्यांना आत घ्या आणि त्यांच्या हाताला काम द्या. मुलगा मॉनिटरच्या आकड्यांकडे टक लावून बसतो. बापाकडे बघायचं राहून जातं. मी डॉक्टरांना विचारून स्क्रीन वळवून ठेवायची आणि म्हणायची, “दादा, हे खोबरेल घ्या, पायांना लावा.” हात लागला की तोच विचारतो, पाय गार का पडले? मग पुढचं बोलणं सोपं होतं.

आणि प्रत्येक घरात एक लांबून आलेले मामा असतात. आठ दिवसांनी येतात आणि विचारतात, “अजून मोठ्या हॉस्पिटलात का नाही नेलं?” हसलात! म्हणजे तुमच्याकडेही आहेत. त्यांच्यावर चिडू नका. त्यांना रडायला वेळच मिळालेला नसतो. त्यांनाही खुर्ची द्या, तेलाची वाटी द्या.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. छापलेला विषय आता भरभर सांगते.

शेवटी श्वास मध्येच थांबतो, काही सेकंदांनी पुन्हा सुरू होतो. हे घरच्यांना आधी सांगून ठेवावं, नाहीतर प्रत्येक थांब्याला त्यांचं काळीज तुटतं. घरघर म्हणजे गिळता न आलेली लाळ. रुग्णाला तिचा त्रास बहुधा जाणवत नाही, ऐकणाऱ्याला होतो. कूस बदलली की ती बरेचदा कमी होते. ‘सीरियस आहे’ एवढ्यावर थांबू नये; ‘आता फार वेळ नाही, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा’ असं स्पष्ट सांगावं. गेल्यावर लगेच चादरीत गुंडाळू नये, आधी घरच्यांना जवळ बसू द्यावं. मंगळसूत्र, बांगड्या त्यांच्यासमोर काढून मोजून द्याव्यात.

वेदनाशमनाची आधुनिक चळवळ उभी करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी आधी परिचारिकेचंच शिक्षण घेतलं होतं. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. आपल्याकडे वांद्र्याला तसंच शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. आणि इच्छापत्र, मालमत्तेचं नव्हे, तर शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं: त्याला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली मान्यता दिली, २०२३ साली पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. घरी बोलून ठेवा, म्हणजे तो निर्णय रात्री दोन वाजता मुलीवर एकटीवर पडणार नाही.

वेळ संपली. गॉज मी बरोबर आणलंय. बोळा किती पिळायचा, हे बघायचं असेल तर चहाच्या वेळी पुढे या.