गव्हर्नरकी आणि सरदारकी : वाइतांगीचा करार

न्यूझीलंडच्या राजधानीत, वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, मंद उजेडात, चामड्याचं एक जुनं पान ठेवलं आहे. खालची बाजू उंदरांनी खाल्लेली, त्यात काही सह्याही गेल्या. हा वाइतांगीचा करार, ब्रिटिश राणी आणि तिथले मूळ रहिवासी माओरी यांच्यातला.

4 फेब्रुवारी 1840. संध्याकाळी इंग्रजी मसुदा मिशनरी हेन्री विल्यम्स यांच्या हाती आला. दुसऱ्या दिवशी तो माओरी सरदारांपुढे वाचायचा होता. विल्यम्स आणि त्यांचा मुलगा एडवर्ड यांनी रातोरात भाषांतर केलं.

गोम पहिल्याच कलमात आहे. इंग्रजीत सरदार राणी व्हिक्टोरियाला सार्वभौम सत्ता देतात. माओरीत शब्द आला 'कावानातांगा'. कावाना म्हणजे गव्हर्नर. पाटलाची जशी पाटीलकी, तशी ही गव्हर्नरकी. दुसऱ्या कलमात सरदारांकडे राहते 'तिनो रांगातिरातांगा'. रांगातिरा म्हणजे सरदार. जमिनीवर, गावांवर, सगळ्या ठेव्यावर पूर्ण सरदारकी. कारभार तुमचा, जमीन आमची, असाच याचा अर्थ ऐकणाऱ्याला लागणार. विल्यम्सना दुसरा शब्द ठाऊक होता. माओरी सरदारांच्या 1835 च्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्रात सार्वभौमत्वासाठी त्यांनीच 'माना' (सत्ता, प्रतिष्ठा) लिहिलं होतं. आपली माना देऊन टाका, असं लिहिलं असतं तर सह्या झाल्या असत्या का?

6 फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत नऊ प्रती फिरल्या. पाचशेहून अधिक सरदारांनी सही केली, काहींनी आपल्या गोंदणातली खूण काढली. इंग्रजी प्रतीवर सह्या फक्त 39.

दुसऱ्याच कलमात आणखी एक अट होती : जमीन विकायची तर सरकारलाच. गिऱ्हाईक एकच, तेव्हा भावही त्याचाच. 1848 मध्ये दक्षिण बेटाचा फार मोठा भाग न्गाई ताहू लोकांकडून 2,000 पौंडांना गेला. त्यांच्यासाठी राखून दिली ती माणशी जेमतेम दहा एकर.

पण खरी पडझड झाली ती कोर्टामुळे. 1862 मध्ये सरकारनं एकाधिकाराची ती अट काढली, 1865 मध्ये जमिनीचं वेगळं न्यायालय आलं. जमीन अख्ख्या कुळाची समाईक. पण त्यातल्या एकानं अर्ज केला की सगळ्यांना कोर्टाच्या गावी धावावं लागे. गैरहजर राहिला त्याचा हक्क बुडाला. मोजणीचा खर्च, कोर्टाची फी, आठवडेच्या आठवडे परगावी मुक्काम, सगळं दुकानदाराच्या उधारीवर. आणि दाखल्यावर नावं जास्तीत जास्त दहा! कुळाला वाटे, हे दहा जण आपले विश्वस्त. कायद्याला ते मालक. सातबाऱ्यावर नाव कोणाचं लागलं यावरून घरं फुटलेली ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळं समजावायला नको. हॉक्स बेमधली हेरेतौंगाची सुमारे 19,000 एकर सुपीक जमीन अशीच दहा नावांवर चढली. सावकार एकेका नावाला गाठत गेले, आणि 1870 मध्ये ती विकली गेली.

1975 मध्ये करार मोडल्याच्या माओरींच्या तक्रारी ऐकायला वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं. 1840 पर्यंत मागे जाऊन चौकशी करण्याचा अधिकार त्याला 1985 मध्ये मिळाला. दोन्ही मसुदे समोर ठेवून अर्थ लावायचा, असं कायदाच सांगतो. मात्र त्याच्या बहुतेक शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. 2014 मध्ये न्यायाधिकरणानं निष्कर्ष काढला : फेब्रुवारी 1840 मध्ये सह्या करणाऱ्या सरदारांनी सार्वभौमत्व दिलंच नव्हतं. सार्वभौमत्व आपल्याकडेच आहे, असं सरकारनं तेव्हाही सांगितलं.